एलियस विश्लेषण

एलियस विश्लेषण ही कंपायलरची एक पद्धत आहे. प्रोग्राममधील दोन पॉइंटर मेमरीतील एकाच जागेकडे निर्देश करू शकतात का, हे तिच्याद्वारे तपासले जाते. एखादे फंक्शन कोणती मेमरी वाचते व कोणती बदलते, याचे अनुमानही त्यावरूनच काढतात.

समजा, एका चलाची किंमत रजिस्टरमध्ये आहे आणि मध्येच एखादे फंक्शन बोलावले आहे. ते मेमरी केवळ वाचत असेल, तर किंमत पुन्हा आणावी लागत नाही. मात्र त्याने पॉइंटरमार्फत तोच चल बदलला, तर जुनी किंमत वापरल्याने उत्तर चुकते, तेही कोणताही इशारा न मिळता. प्रत्येक प्रोग्रामसाठी अचूक उत्तर देणारी रीत असू शकत नाही, हे सिद्ध झालेले आहे. त्यामुळे शंका असल्यास कंपायलर ‘बदल होऊ शकतो’ असेच धरतो. वेग गेला तरी चालतो.

मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रीतम घरत व उदय खेडकर यांनी केंब्रिज विद्यापीठाच्या अ‍ॅलन मायक्रॉफ्ट यांच्यासह २०१६ मध्ये ‘जनरलाइज्ड पॉइंट्स-टू ग्राफ’ ही रचना मांडली. तीत फंक्शनचा मेमरीवरील परिणाम एका संक्षिप्त आलेखात साठवतात. फंक्शन जेथे बोलावले जाते तेथे हाच आलेख वापरला जातो. त्याचा अंतर्भाग पुन्हा तपासावा लागत नाही.