रांगेचा न्याय : प्रस्तावना

स्विचच्या अनेक पोर्टांवरून आलेली माहिती एकाच अपलिंकने बाहेर पडू पाहते तेव्हा, क्षणभरच का होईना, रांग लागते. या रांगेत कोणाला पुढे घ्यायचे, कोणाला थांबवायचे आणि बफर भरला की कोणते पॅकेट टाकून द्यायचे, हे ठरवण्याचे शास्त्र म्हणजे क्वालिटी ऑफ सर्व्हिस, म्हणजेच क्यूओएस.

या विषयाची मुळे संगणकाच्याही आधीची आहेत. डॅनिश गणिती एर्लांग यांनी 1909 साली टेलिफोन कॉलच्या वर्दळीचे गणित मांडले आणि रांगांच्या सिद्धान्ताचा पाया घातला. पुढे 1981 च्या आयपी प्रमाणकात प्रत्येक पॅकेटच्या हेडरमधला एक बाइट सेवेचा प्रकार सांगण्यासाठी राखला गेला. 1998 मध्ये त्यातल्या सहा बिटांना डीएससीपी हे आजचे रूप मिळाले. त्याआधी, 1995 साली, श्रीधर आणि आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी जॉर्ज वर्गीस यांनी ‘डेफिसिट राउंड रॉबिन’ ही पद्धत मांडली. लहानमोठ्या पॅकेटांच्या रांगांना बँडविड्थचा न्याय्य वाटा देणारी ही पद्धत हार्डवेअरमध्ये उतरवायलाही सोपी ठरली.

‘लिंक गिगाबिटची आहे, मग क्यूओएस कशाला?’ हा प्रश्न नवा अभ्यासक हमखास विचारतो. जी.711 कोडेकचा फोनकॉल साधारणपणे दर 20 मिलिसेकंदांना एक छोटे पॅकेट पाठवतो. त्याच्यापुढे फाइल कॉपीचे दहा लाख बाइट उभे असतील, तर गिगाबिट लिंकवर त्याला 8 मिलिसेकंद थांबावे लागते. तेवढे खपून जाते. तीच रांग 10 मेगाबिटच्या लिंकवर लागली, तर ही प्रतीक्षा 800 मिलिसेकंद होते आणि संभाषण तुटते. शिवाय पाच मिनिटांच्या सरासरीच्या आलेखात मोकळी दिसणारी लिंकही काही मिलिसेकंदांच्या लोंढ्यात पॅकेटे गमावू शकते. म्हणून आलेखाइतकेच प्रत्येक रांगेच्या ड्रॉप काउंटरकडेही पाहायला शिकावे.

क्यूओएसने बँडविड्थ वाढत नाही; आहे तीच वाटली जाते. एकाला पुढे घेतले की दुसरा मागे राहतोच. आवाजाच्या पॅकेटांना डीएससीपी 46 देऊन स्ट्रिक्ट प्रायॉरिटीच्या रांगेत घालणे योग्यच. पण त्या रांगेला मर्यादा घातली नाही, तर बाकीच्या रांगा उपाशी राहतात. पॅकेटवर आलेल्या डीएससीपीच्या खुणेवर विश्वास कुठे ठेवायचा, हेही आधी ठरवावे लागते. आयपी फोनची खूण मानावी. वापरणाऱ्याच्या संगणकावरची खूण तपासल्याखेरीज मानू नये, कारण 46 हा आकडा कोणतेही सॉफ्टवेअर लिहू शकते. काही जुन्या स्विचवर नुसते क्यूओएस चालू केले, तरी कोणत्याच पोर्टवर विश्वास न ठेवता सगळ्या खुणा शून्य केल्या जातात. म्हणून डीफॉल्ट वागणूक माहीत करून घेतल्याशिवाय आज्ञा देऊ नयेत.

स्विचला पॅकेटवरचा आकडा तेवढा दिसतो. त्यामागचे काम दिसत नाही. रुग्णालयात एक्स-रेची प्रतिमा किती वेळ थांबू शकते, हे तिथल्या डॉक्टरांनाच विचारावे लागते, आणि महाविद्यालयात ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी काय थांबवायचे, हे तिथल्या शिक्षकांना. आधी ही माणसे काय सांगतात ते ऐका, मग वर्दळ मोजा, मोजकेच वर्ग करा आणि शेवटी आज्ञा लिहा. या क्रमाने चालणाऱ्याला हे शास्त्र अवघड वाटणार नाही, आणि ज्यांना थांबावे लागले त्यांनाही त्याचे कारण त्याला सांगता येईल.