पतीच्या हातची पाटी

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात काही स्त्रियांची पहिली शाळा घरातच भरली आणि शिक्षक होते पतीच. जोतीराव फुल्यांनी सावित्रीबाईंना, न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाईंना असेच शिकवले. गोपाळराव जोशींनी आनंदीबाईंवर अभ्यासाची सक्ती केली. ती कठोर होती, हे लपवण्याचे कारण नाही. तरीही डॉक्टर होण्याचे ध्येय आनंदीबाईंचे स्वतःचे झाले. कोवळ्या वयात त्यांचे बाळ दगावले होते, स्त्रीवैद्यांची उणीव त्यांना उमगली होती. १८८३ मध्ये बंगालमधील सेरामपूरच्या सभेत त्यांनी एकटीने अमेरिकेला जाण्याची कारणे मांडली. हिंदू म्हणूनच परतण्याचा निर्धारही सांगितला. न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना घरात आसरा आणि मावशीची माया दिली. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पदवी मिळाली. वर्षभरातच क्षयाने त्यांचा बळी घेतला. रमाबाईंनी मात्र पतीच्या निधनानंतर पुण्यात सेवासदन उभे केले.