ग्रांदे बेटालगतचे प्रवाळ
प्रवाळ दगड नव्हे, वनस्पतीही नव्हे. चुन्याचा सांगाडा रचणाऱ्या चिमुकल्या प्राण्यांची ती वसाहत होय. मुरगावनजीकच्या ग्रांदे बेटाभोवती, तसेच १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवणच्या सागरी अभयारण्यात ते आढळते. या प्राण्यांच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल त्यांना अन्न व रंग पुरवते. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानाहून पाणी अंशभर अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, की हे शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. पांढरे म्हणजे मृत नव्हे; पाणी वेळीच निवले तर ते सावरते. पावसाळ्यात जुवारीचा गाळ सूर्यप्रकाश अडवतो, तरी आपले प्रवाळ तगून आहे, हे नवलच. पर्यटक-होड्यांच्या नांगराचा घाव मात्र वेगळा: वर्षाला काही मिलिमीटर वाढलेला सांगाडा तो क्षणात मोडतो, आणि त्याच्या आश्रयाने वाढणारी मासळीही परागंदा होते.