२.२ची खाच

लँडसॅट-४ आणि ५ या उपग्रहांवरच्या ‘थीमॅटिक मॅपर’च्या सात पट्ट्या क्रमाने वाचत गेलं, की शेवटी अडखळायला होतं. पहिल्या पाच पट्ट्या तरंगलांबीच्या चढत्या क्रमाने येतात. सहावी एकदम १०.४ मायक्रॉनच्या पुढे, उष्णतेच्या प्रदेशात जाते, आणि सातवी पुन्हा मागे येऊन २.०८ ते २.३५ मायक्रॉनवर बसते. आराखडा बराचसा ठरून गेल्यावर भूवैज्ञानिकांनी आग्रहाने ती मागून घेतली होती. पंगत बसल्यावर आलेल्या पाहुण्याचं पान टोकाला मांडतात, तसं झालं. हा सगळा आग्रह होता चिकणमातीसाठी.

या पट्टीचं कूळ १८०० सालापर्यंत मागे जातं. इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेलने लोलकातून पडलेल्या रंगांची उष्णता थर्मामीटरने मोजली, तेव्हा तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथे पारा सर्वांत जास्त चढला. त्या प्रकाशाला आपण अवरक्त म्हणतो. पुढे शंभरेक वर्षांनी अमेरिकेतल्या विल्यम कोब्लेंट्झने शेकडो पदार्थांचे अवरक्त वर्णपट नोंदवले. लांब तरंगलांबीचे हे किरण काचेतून जात नाहीत, म्हणून त्याचा लोलक होता सैंधवाचा. १९०५मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कामातून कळलं, की अणूंचे ठरावीक गट ठरावीक जागीच प्रकाश गिळतात.

चिकणमातीत असा गट म्हणजे हायड्रॉक्सिल. ही खनिजं म्हणजे पापुद्र्यांची चळत, आणि त्यातल्या ॲल्युमिनियमला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी चिकटलेली असते. जोडी ताणली जाते आणि ॲल्युमिनियमशी असलेला सांधा लवतो. ही दोन्ही कंपनं एकत्र झाली, की २.२ मायक्रॉनच्या आसपासचा प्रकाश शोषला जातो आणि आलेखात खाच पडते. चिनीमातीतलं केओलिनाइट दुहेरी खाच दाखवतं, २.१७ला उथळ आणि २.२१ला खोल. आपल्या काळ्या जमिनीतल्या माँटमोरिलोनाइटच्या कुळात ती एकेरी असते. शिवाय पापुद्र्यांत धरून ठेवलेल्या पाण्याची आणखी एक खाच १.९ला उमटते. तेच पाणी पावसाळ्यात ही जमीन फुगवतं आणि उन्हाळ्यात तिला भेगा पाडतं.

१९७०पासून ग्रॅहम हंट आणि जॉन सॅलिसबरी यांनी खनिजांची पूड करून असे वर्णपट एकामागून एक छापले. पण प्रयोगशाळेतली पूड वेगळी आणि शेकडो किलोमीटर उंचीवरून पाहिलेली जमीन वेगळी. मध्ये हवा आहे, हवेत बाष्प आहे, आणि बाष्प १.४ व १.९ मायक्रॉनचा प्रकाश स्वतःच गिळून टाकतं. पाण्याच्या खुणा पाण्यानेच पुसल्या. उघडी राहिली ती २.२ची खिडकी, म्हणून तीच ओळखीची खूण ठरली.

नोव्हेंबर १९८१मध्ये कोलंबिया यानाच्या दुसऱ्या उड्डाणात अलेक्झांडर गोएट्झ यांच्या गटाचं दहा अरुंद पट्ट्यांचं उपकरण वर गेलं. इंधनघट बिघडल्याने पाच दिवसांची मोहीम दोनेक दिवसांत आटोपली, तरी तेवढ्यात इजिप्तच्या वाळवंटातलं केओलिनाइट थेट अवकाशातून ओळखता आलं. पुढच्याच वर्षी लँडसॅट-४ निघालं. त्याची सातवी पट्टी मात्र रुंद होती. इथे चिकणमाती असावी इतकं ती सांगे. कोणती, हे दुहेरी खाच सुटी दिसल्याशिवाय कळत नाही. ते काम विमानातल्या उपकरणांनी केलं: आधी १२८ पट्ट्यांचं, मग १९८७मध्ये २२४ पट्ट्यांचं ॲव्हिरिस. नेवाडातल्या क्युप्राइटच्या उजाड टेकड्यांवर त्यांची इतकी परीक्षा झाली, की या विद्येची ती तालीमच म्हणायची. ॲव्हिरिसची नवी आवृत्ती २०१५च्या अखेरीस इस्रोच्या विमानातून भारतावरही फिरली.

एक मर्यादा मात्र राहतेच. हा प्रकाश जमिनीची वरची साल तेवढी वाचतो. गवताचं पातं आडवं आलं, की खाच झाकली जाते. क्युप्राइट बाराही महिने उघडं आहे. आपल्या काळ्या रानाला ती संधी रब्बी निघाल्यापासून मृगापर्यंतच मिळते. शेतकरी पावसासाठी वर बघत असतो, त्याच दिवसांत वरूनही त्याची जमीन वाचता येते.