दोन फेऱ्यांची काटकसर

इंटेल कंपनीने 1978 साली 8086 हा प्रोसेसर सिद्ध केला, तेव्हा त्याच्या आज्ञासंचाचे प्रमुख रचनाकार स्टीफन मोर्स यांनी अक्षरांच्या मालिका हलवण्यासाठी काही स्वतंत्र आज्ञांची तजवीज करून ठेवली होती. एका रजिस्टरात उगमाचा पत्ता, दुसऱ्यात मुक्कामाचा, तिसऱ्यात उरलेली संख्या, आणि आज्ञेपुढे 'रेप' हा उपसर्ग जोडला की ती संख्या शून्यावर येईपर्यंत काम विनातक्रार चाले. 1981 साली आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात याचेच धाकटे भावंड 8088 बसले, आणि सेकंदाला सुमारे 47 लाख 70 हजार ठोक्यांच्या त्या उत्पन्नात संसार करण्याची विद्या असेंब्ली लिहिणाऱ्यांच्या एका पिढीने आत्मसात केली.

एका मालिकेच्या शेपटाला दुसरी जोडणे हे त्यांचे नित्यकर्म. सी भाषेच्या रिवाजाप्रमाणे मालिकेची लांबी कोठेच नमूद नसते, अखेरीस केवळ एक शून्य असते. तेव्हा अक्षर उचलावे, ठेवावे, शून्य आहे काय ते पाहावे आणि नसल्यास मागे फिरावे, हाच मार्ग कोणालाही सरळ वाटेल. परंतु इंटेलच्या पुस्तिकेतील दरपत्रक पाहता या चार कृत्यांना अनुक्रमे 12, 11, 3 आणि 16, म्हणजे दर अक्षरामागे 42 ठोके पडत. उलट 'स्कॅसबी'ने शून्य शोधून लांबी मोजण्यास 15 आणि मग 'मूव्हएसबी'ने नक्कल करण्यास 17, असे दोनदा चालूनही 32 ठोक्यांत भागे. मागे उडी घेताच आगाऊ आणून ठेवलेल्या आज्ञांची रांग रद्द होई, 'रेप'ची आज्ञा मात्र एकदाच वाचावी लागे, हे यामागचे इंगित. चारदोन अक्षरांच्या मालिकेत हा लाभ पूर्वतयारीतच गडप होई, हेही खरे.

कसबी लोक येथेही थांबले नाहीत. 8086 सम पत्त्यावरून दोन बाइट त्याच 17 ठोक्यांत नेई, म्हणून ते संख्या निम्मी करीत. विषम संख्येतून सांडलेला एक 'कॅरी' ध्वजात पडून राही, आणि नक्कल करणारी आज्ञा ध्वजांना स्पर्शच करीत नसल्यामुळे, जोड्या नेऊन झाल्यावर तो एक पुन्हा मोजणीच्या रजिस्टरात घेऊन उरलेले अक्षर हलवता येई. एकही 'जर-तर' न लिहिता! इतकी निर्मळ युक्ती या साऱ्या शास्त्रात मला दुसरी दिसत नाही. तथापि खरी उधळपट्टी निराळीच होती: दर जोडणीस पहिल्या मालिकेचा शेवट नव्याने शोधणे. नक्कल संपताना मुक्कामाचे रजिस्टर शून्याच्या पुढच्या घरावर उभे असते. तो पत्ता एकाने कमी करून जपणाऱ्याला हा शोध कधीच करावा लागला नाही.

1989 साली 80486 आला आणि दरपत्रकच पालटले: अक्षर उचलून पत्ता पुढे सरकवणाऱ्या 'लॉडएसबी'ला 5 ठोके, तर तेच काम करणाऱ्या दोन साध्या आज्ञांना मिळून 2. पुढे 2012 च्या 'आयव्ही ब्रिज' प्रोसेसरांत इंटेलने 'रेप मूव्हएसबी'ला पुन्हा वेग दिला. शून्य शोधणाऱ्या 'स्कॅसबी'ला मात्र त्या सुधारणेत वाटा मिळाला नाही.