जानुसंधीतील अस्थिक्षती

जानुसंधीतील अस्थिक्षती : गुडघ्याच्या सांध्यातील हाडांची टोके झिजणे, खचणे किंवा नष्ट होणे. अस्थिसंधिशोथ, संधिवाताभ संधिशोथ, क्षयरोग, अस्थिभंग व अर्बुदे (गाठी) ही तिची प्रमुख कारणे होत. कृत्रिम सांधे प्रचारात आल्यावर ते सैल होणे किंवा त्यांना जंतुसंसर्ग होणे ही नवी कारणे पुढे आली.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांची टोके एकमेकांत घट्ट बसणारी नसतात. त्यामुळे गुडघ्याचे स्थैर्य मुख्यत्वे बंधांवर अवलंबून असते. बंधांचा ताण मात्र हाडांच्या उंचीवरून ठरतो. नडगीच्या माथ्याची आतील बाजू खचली की, त्या बाजूचा बंध न तुटताही सैल पडतो व पाय धनुष्यासारखा बाहेर बाकतो. खुब्यापासून घोट्यापर्यंत जाणारी भाररेषा आत सरकते, खचलेल्या भागावर अधिक भार पडतो आणि झीज वाढतच जाते. बाहेरील बाजू खचल्यास याउलट घडून गुडघे एकमेकांना लागतात.

उपचारांचा इतिहास : टेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी बर्लिन येथे १८९० मध्ये क्षयरोगाने नासलेल्या गुडघ्यात हस्तिदंताचा बिजागरीवजा सांधा बसविला, परंतु जंतुसंसर्गामुळे असे प्रयोग टिकले नाहीत. स्वीडनमधील बर्ये वाल्डियस यांनी १९५१ मध्ये बिजागरीची कल्पना पुन्हा वापरली. बिजागरीमुळे स्थैर्य लाभले, पण तीसाठी बरेच हाड कापावे लागे. शिवाय गुडघ्याची स्वाभाविक पीळगती रोखली गेल्याने तिचा ताण हाडावर येऊन सांधा सैल होई आणि उरलेले हाडही नष्ट होई. जॅक्सन व वॉ यांनी १९६१ मध्ये वर्णिलेल्या शस्त्रक्रियेत सांधा न काढता नडगीचे हाड छेदून भाररेषा सरळ करण्यात आली.

फ्रँक गन्स्टन यांनी इंग्लंडमध्ये १९६८ च्या सुमारास अल्प हाड कापून व बंध राखून बसविता येणारा सांधा वापरला. १९७४ मध्ये न्यूयॉर्क येथे जॉन इन्सॉल, भारतीय वंशाचे चित्तरंजन राणावत व पीटर वॉकर यांच्या प्रयत्नांतून सिद्ध झालेला सांधा आधुनिक जानुसंधिरोपणाचा पाया ठरला. मात्र त्यातील पॉलिएथिलीन झिजून निघणारे सूक्ष्म कण भक्षिकोशिकांना उद्दीपित करतात व त्यामुळे हाडाचे शोषण होते, हे पुढे लक्षात आले. एका उपचाराने अशा रीतीने दुसरी क्षती निर्माण केली.

सांधा पुन्हा बदलताना क्षतीचे मोजमाप निर्णायक ठरते. एंग यांच्या वर्गीकरणात तिचे तीन प्रकार आहेत : सांध्यालगतचे हाड शाबूत असलेली, ते एका वा दोन्ही बाजूंनी खचलेली आणि बंधांच्या मुळांपर्यंत पोहोचलेली. मांडीच्या हाडाचे खालचे टोक झिजल्यास पाय सरळ असताना, तर मागील भाग झिजल्यास गुडघा वाकविल्यावर सांधा डळमळतो. लहान पोकळी अस्थिसिमेंटाने व मध्यम क्षती अस्थिकलमाने किंवा धातूच्या पाचरींनी भरतात. मोठ्या क्षतीसाठी सच्छिद्र टँटलमाचे शंकू वापरतात. बंधच निकामी झाल्यास पूर्वी मागे पडलेल्या बिजागरीचा, फिरती गती राखणाऱ्या सुधारित रूपात, आधार घ्यावा लागतो. तेही शक्य नसल्यास सांधा कायमचा जखडणे किंवा अंगच्छेद हेच पर्याय उरतात. म्हणून पहिल्या शस्त्रक्रियेतच शक्य तितके हाड वाचविणे महत्त्वाचे मानले जाते.