गोमंतकी फुटबॉलातील दुसरे आसन

सुरतेहून भडोचकडे निघालेली सावकाश गाडी तापी ओलांडते, उत्राण मागे टाकते आणि कोसाडच्या लहानशा स्थानकावर क्षणभर थांबते. फोंडे महालातून येऊन व्यवसायानिमित्त तेथे स्थायिक झालेल्या एका कुटुंबाकडे आम्ही काही दिवसांपूर्वी उतरलो होतो. देवघरात श्रीशांतादुर्गेची तसबीर, आणि बाहेरच्या खोलीत खुंटीवर गोव्याच्या फुटबॉल संघाचा नारिंगी सदरा. सायंकाळची आरती आटोपली, प्रसाद वाटला गेला आणि काका-पुतण्यांत वाद जुंपला. मुख्य प्रशिक्षक परदेशी असतो, ते एक वेळ ठीक. पण त्याच्या हाताखालचा साहाय्यकही परदेशातून आणावयाचा, हे काकांस मुळीच मान्य नव्हते. “भायलो कित्याक? आमचो कोण ना?” असा त्यांचा रोकडा सवाल. पुतण्याचे म्हणणे असे की, विद्या ज्याच्यापाशी असेल त्याच्यापाशी ती घ्यावी. तेथे गाव आणि गोत्र विचारू नये.

आम्ही त्या वेळी दोघांनाही मान डोलावली. परतीच्या प्रवासात मात्र ध्यानी आले की, हा वाद एका सायंकाळचा नव्हे. गोमंतकातील फुटबॉलाचा सारा इतिहासच या प्रश्नाभोवती फिरत आला आहे. तो इतिहास येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे.

आरंभ करावयाचा तर मुळात हा खेळच ‘भायलो’. इ. स. १८८३ मध्ये विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे एक इंग्रज पाद्री प्रकृतिस्वास्थ्यासाठी शिवोलीस आले आणि त्यांनी तेथील मुलांस हा खेळ शिकविला, असे सर्वत्र मानले जाते. राज्य पोर्तुगीजांचे, खेळ इंग्रजांचा आणि पाय गोंयकारांचे! पाहता पाहता भातकापणीनंतरच्या मोकळ्या शेतांतून तो बार्देशात पसरला, सासष्टीत रुजला. चर्चच्या पटांगणात त्याचे पहिले संस्कार झाले हे खरे. तथापि तो तेवढ्यापुरता राहिला नाही. साळगावकरांचा क्लब १९५६ मध्ये व धेंपो क्लब १९६८ मध्ये उभा राहिला, आणि हिंदू उद्योजक घराणी या खेळाची मोठी आश्रयदाती झाली. ताळगावच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांनी गोलरक्षक म्हणून भारतीय संघाचे नेतृत्व केले. त्यांस १९९७ चा अर्जुन पुरस्कार आणि २०२२ मध्ये पद्मश्री लाभली. जो खेळ एके काळी परका होता, तो दोन-तीन पिढ्यांत घरचा झाला. काकांच्या प्रश्नास इतिहासाने दिलेले हे पहिले उत्तर.

आता गुरूंविषयी. साळगावकर संघाने १९८८ मध्ये फेडरेशन चषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक होते केरळचे टी. के. चातुण्णी. त्याच संघाने १९९८-९९ ची राष्ट्रीय लीग गोव्यास प्रथम आणून दिली, तेव्हा सूत्रे हैदराबादच्या शब्बीर अलींच्या हाती होती. २००८-०९ मध्ये चर्चिल ब्रदर्सने आय-लीग जिंकली ती सर्बियाच्या झोरान जॉर्जेविच यांच्या मार्गदर्शनाखाली. आणि २०१०-११ मध्ये साळगावकरांस तीच लीग व लगोलग फेडरेशन चषक मिळवून दिला तो मोरोक्कोच्या करीम बेंचरिफा यांनी. एवढी नामावळी वाचून पुतण्याने विजयाचा आनंद मानावा, तोच काकांनी एकच नाव उच्चारावे: आर्मांदो कुलासो. गोव्याच्याच मातीतील या गृहस्थांनी धेंपो संघास २००५ ते २०१२ या अवधीत पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. देशातही हेच दिसते. १९६२ च्या जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शाळामास्तर होते. तर १९६४ च्या आशियाई चषकात भारत उपविजेता ठरला तो हॅरी राइट या इंग्रज प्रशिक्षकाच्या हाताखाली. तात्पर्य, केवळ जयापजयाच्या हिशेबाने या वादाचा निकाल लागत नाही. दोन्ही पारडी भरलेलीच आहेत.

मग प्रश्न कोठे आहे? तो मुख्य आसनाचा नसून त्याच्या शेजारच्या दुसऱ्या आसनाचा आहे, असे आम्हांस वाटते.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. साळगावकर व धेंपे या घराण्यांच्या सहभागाने एफ. सी. गोवा हा नवा क्लब स्थापन झाला आणि त्याचे पहिले प्रशिक्षक म्हणून साक्षात झिको आले. ब्राझिलच्या या महापुरुषास मडगावच्या रस्त्यांत पाहून ज्यांच्या डोळ्यांत पाणी आले, असे वृद्ध रसिक गोव्यात थोडे नसतील. त्यांच्या हाताखाली साहाय्यक म्हणून नेमले गेले ते ऑस्ट्रेलियाचे तरुण प्रशिक्षक आर्थर पापास. या नेमणुकीच्या बाजूने सांगण्याजोगे पुष्कळ होते. पापास यांनी आधी कोलकात्याच्या पैलान ॲरोज या तरुण खेळाडूंच्या संघास व नंतर धेंपो संघास शिकविले होते. भारतीय खेळाडू त्यांस ठाऊक होते. शिवाय सेनापतीने आपला विश्वासू सहकारी स्वतः निवडावा, हेही रास्तच. परंतु साहाय्यकाच्या आसनावर बसून मनुष्य काय मिळवितो, हे पापास यांच्याच पुढील वाटचालीने दाखवून दिले. २०१९ मध्ये ते जपानच्या योकोहामा संघात साहाय्यक होते, आणि त्यानंतर ऑस्ट्रेलिया, थायलंड व जपान येथील नामांकित क्लबांचे मुख्य प्रशिक्षक झाले. त्यात त्यांचा दोष कोणता? गुणवान माणसाने मिळालेल्या संधीचे सोने केले. आमचा मुद्दा इतकाच की, ते आसन सोने देणारे आहे.

आमच्या वाचकांस हे निराळे समजावून सांगावयास नको. गोमंतकाच्या देवळांनी संगीत सांभाळले, पण त्या संगीतानेही आपले उस्ताद बाहेरूनच आणले. अल्लादियाखाँ राजस्थानातील उणियाऱ्याचे. कोल्हापुरास शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिले. त्यांची अवघड गायकी केरीच्या केसरबाईंनी आणि कुर्डीच्या मोगूबाईंनी आत्मसात केली, आणि मोगूबाईंकडून ती किशोरी आमोणकरांपर्यंत पोहोचली. ही विद्या येथे राहिली ती कशामुळे? गवयाच्या मागे तंबोरा घेऊन शिष्य बसतो, त्या जागेमुळे. मैफलीत श्रोत्यांचे लक्ष त्या जागेकडे सहसा जात नाही; पण उस्ताद कोठे श्वास घेतो, कोणती तान अर्ध्यावर सोडून समेवर कसा येतो, हे तेथूनच कळते. त्या जागेवर दुसरा पाहुणा गवई बसविला असता, तर मैफल कदाचित अधिक रंगली असती. घराणे मात्र आपल्याकडे राहिले नसते.

उलट दाखला मराठ्यांच्याच इतिहासात आहे. महादजी शिंद्यांनी १७८४ मध्ये सव्हॉयच्या द बॉईन यास चाकरीस घेतले. त्याच्या कवायती पलटणींनी १७९० मध्ये पाटण व मेडता येथे विजय मिळविले. महादजींची दृष्टी अचूक होती. परकी विद्या आणावी हे त्यांनी ओळखले. परंतु त्या पलटणींत अधिकाराच्या जागा युरोपियनांच्याच हाती राहिल्या. द बॉईन गेला, त्याच्या जागी पेराँ आला. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपताच पेराँने आपली सोय पाहिली व कित्येक गोऱ्या अधिकाऱ्यांनी छावणी सोडली. लासवाडीच्या रणात तेच शिपाई अखेरपर्यंत तोफांपाशी उभे राहिले, शत्रूनेही त्यांची वाखाणणी केली. पण त्यांना चालविणारा, त्या विद्येत मुरलेला आपला असा अधिकारी तयारच झालेला नव्हता. उस्ताद परका होता हे दुःख नव्हे. त्याच्या पाठीमागची जागा रिकामी होती, हे दुःख.

आता पुन्हा फातोर्ड्याच्या मैदानावर येऊ. २०१७ मध्ये एफ. सी. गोव्यास स्पेनचे सेर्हियो लोबेरा हे प्रशिक्षक लाभले. त्यांच्या खेळाने लोक मोहून गेले. २०१९ मध्ये सुपर चषक मिळाला. परंतु जानेवारी २०२० च्या अखेरीस, साखळीतील तीनच सामने उरले असता, क्लबने त्यांस दूर केले. रसिकांत केवढा क्षोभ उसळला! अशा वेळी सूत्रे आली साहाय्यकांपैकी क्लिफर्ड मिरांडा या गोंयकाराकडे. हे कुलासोंच्या धेंपो संघात खेळून मोठे झालेले. तिन्ही सामने संघाने जिंकले; शेवटचा जमशेदपूरविरुद्ध ५-० असा. १९ फेब्रुवारी २०२० रोजी साखळीचे शील्ड गोव्यास मिळाले आणि आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. बांधणी लोबेरांची होती, हे कृतज्ञतेने मान्य केलेच पाहिजे. पण बांधणारा निघून गेल्यावर घर कोसळले नाही, कारण त्याच्या शेजारी बसून ती बांधणी पाहिलेला घरचा माणूस तेथे होता. हेच मिरांडा पुढे २०२३ मध्ये ओडिशा संघास सुपर चषक जिंकून देते झाले.

हा योगायोग म्हणावा, तर आणखी दाखले आहेत. २०२१ च्या जानेवारीत नॉर्थईस्ट युनायटेडचे स्पॅनिश प्रशिक्षक दूर झाले, तेव्हा साहाय्यक खालिद जमील यांनी तो संघ उपांत्य फेरीत नेला. ऑगस्ट २०२५ मध्ये तेच भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. त्यांच्यापूर्वी त्या स्थानी बसलेले शेवटचे भारतीय म्हणजे गोव्याचे सावियो मेदेरा, आणि तेही आधी कुलासोंचे साहाय्यक होते. २०२३ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत क्रोएशियाचे प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांस लाल पत्रामुळे मैदानाबाहेर बसावे लागले, तेव्हा उपांत्य व अंतिम सामन्यांत सीमारेषेवर उभे राहिले ते गोव्याचेच महेश गवळी. आणि ४ जुलै रोजी बेंगळुरास कुवेतला हरवून भारताने अजिंक्यपद राखले.

साहाय्यक आपला असला म्हणजे यश हमखास, असा भाबडा सिद्धांत आम्ही मांडीत नाही. २०२१ च्या डिसेंबरात स्पॅनिश प्रशिक्षक हुआन फेरांडो ऐन मोसमात गोवा सोडून कोलकात्यास गेले. त्या पडत्या काळात अनुभवी डेरिक परेरांनी भार उचलला, पण यश लाभले नाही. तरीही संघ अनाथ झाला नाही, हे काय थोडे आहे?

म्हणून काका व पुतण्या या दोघांसही आम्ही पत्राने कळविले आहे. पुतण्याचे म्हणणे खरे: विद्येस कुंपण घालू नये, लायन्ससाहेबांस वेशीवर अडविले असते तर आज वाद घालावयासही काही उरले नसते. काकांचे म्हणणेही खरे, पण ते ‘भायलो’ या शब्दापुरते नव्हे. पाहुण्या गुरूस सन्मानाने पाट मांडावा. त्याने आपला एखादा सोबती आणला तर त्यासही बसवावे. मात्र तंबोरा धरावयास घरचे एक मूल त्यांच्या मागे बसलेच पाहिजे, आणि ही अट आश्रयदात्यांनी पहिल्याच दिवशी घातली पाहिजे. पाहुणा कधी ना कधी जाणारच. तो जाताना काय नेतो याची चिंता करण्यापेक्षा, काय ठेवून जातो याची व्यवस्था करावी.

कोसाडहून काकांचे उत्तर आले आहे. त्यात एकच ओळ आहे: “तर मग तंबोरा कोणाच्या हातात दिला, ते आधी विचारा.”